बी.एड.ला निघालात? दोन वर्षांचं काम असं हाती घ्या

पदवीची तीन वर्षं बाकावर बसून ऐकण्यात गेलेली असतात. बी.एड.ला आलं की काही आठवड्यांतच तुम्हाला फळ्यासमोर उभं करतात, वर्गमित्र तुम्हाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायला लागतात आणि सूचनाफलकावर तुमचा उल्लेख ‘छात्राध्यापक’ म्हणून येतो. वेळापत्रकात सूक्ष्म अध्यापन, सेतू पाठ, आंतरवासिता, कृती संशोधन असे शब्द असतात आणि नेमकं काय करायचंय ते वरच्या वर्गातल्यांना विचारत फिरावं लागतं. महाराष्ट्रात बी.एड.ला नव्याने येणाऱ्यांसाठी ही सगळी वाट क्रमाने मांडते आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या दोन वर्षांत तुम्ही किती पाठ मन लावून घेतले आणि दुसऱ्यांचे किती पाठ नीट पाहिले, यावर तुम्ही कसे शिक्षक होणार ते ठरतं. फायली, प्रकल्प, लेखी परीक्षा हे सगळं त्याच्या मागे चालायला हवं. प्रत्यक्षात होतं उलटं. मुलंमुली रात्र जागून फायलींच्या समासाला रंगीत रेघा मारतात आणि सकाळी पाठाला अर्ध्या तयारीने जातात.

प्रवेशाआधी

कोणत्या वर्गाला शिकवायचंय ते आधी पक्कं करा. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी हे स्पष्ट केलं. त्या वर्गांसाठी डी.एल.एड., म्हणजे जुनं डी.एड., लागतं. बी.एड. सहावीपासून पुढे उपयोगी पडतं, आणि अकरावी-बारावीसाठी त्याच्या जोडीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. बारावीतच शिक्षक होण्याचं ठरलेलं असेल तर चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची चौकशी करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत तीच किमान पात्रता करण्याचं म्हटलं आहे.

प्रवेश राज्याच्या सीईटीवर होतो. १०० प्रश्न, ९० मिनिटं. बौद्धिक क्षमतेचे ४०, सामान्य ज्ञानाचे ३० आणि शिक्षक अभियोग्यतेचे ३० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांसाठी ४५ टक्के गुण लागतात. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास ही कागदपत्रं कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू होण्याआधी हातात ठेवा. सेतू केंद्रात आणि तहसीलमध्ये ऐन वेळी रांग लागते.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता आहे का आणि विद्यापीठाची संलग्नता चालू आहे का, हे आधी तपासा. मग तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या दोघा-चौघांना गाठून एकच विचारा: ‘प्रत्यक्ष शाळेत जाऊन पाठ किती घेतलेत, आणि मागे बसून पाहायला कोण होतं?’ उत्तर अडखळत आलं तर दुसरं कॉलेज बघा. ‘हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या’ असं सांगून प्रवेश देणारी माणसं तुम्हाला भेटतील. एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांनुसार तासिकांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, तर शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. हा नियम कागदावरचा म्हणून सोडून देऊ नका. पुढे चाळीस-पन्नास मुलं तुमच्या हवाली होणार आहेत. न शिकता घेतलेल्या पदवीची किंमत ती मुलं मोजतात.

पहिले काही आठवडे: अध्यापन पद्धती आणि थिअरी

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्याआधी ते एका वर्षात उरकायचं. वाढलेल्या वेळाचा मोठा भाग शाळेतल्या कामाला दिलेला आहे.

प्रवेशानंतर ‘मेथड’ निवडावी लागते. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल अशा शालेय विषयांतून, बहुतेक ठिकाणी दोन. पदवीला जो विषय होता तो पहिला घ्या, कारण भरतीच्या वेळी पदवीचा विषय आणि मेथड यांची जुळणी पाहिली जाते. दुसरा विषय सोपा वाटतो म्हणून किंवा मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. सहावी ते दहावीची त्या विषयाची बालभारतीची पुस्तकं घरी आणून आठवडाभर वाचा आणि मग ठरवा. कुठल्याही मेथडला पुढे हीच पुस्तकं रोज लागणार आहेत.

थिअरीचे पेपर साधारण दोन गटांत येतात. बालविकास, अध्ययन-अध्यापन, समकालीन भारत आणि शिक्षण, लिंगभाव, समावेशक शाळा असे विषय एका गटात. विषयाची अध्यापन पद्धती, मूल्यमापन, अभ्यासक्रमातली भाषा हे दुसऱ्या गटात. शिवाय नाट्य-कला, माहिती तंत्रज्ञान, वाचन आणि चिंतन, स्वतःची ओळख असे छोटे अभ्यासक्रम असतात. त्यांचे गुण कमी म्हणून मुलं त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. वर्गात आवाज कसा टाकावा हे मात्र नाट्याच्या तासालाच कळतं.

थिअरी पाठ करून पास होता येतं, पण ती उतरत नाही. एक करून पाहा. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या बालविकासाच्या अवस्था वाचल्या की शेजारपाजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे सारखे दोन पेले ठेवा आणि दोन्हींत सारखंच पाणी भरा. दोन्हींत पाणी सारखं आहे हे त्याच्याकडून वदवून घ्या. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, ‘आता कशात जास्त?’ बहुतेक वेळा बोट उंच ग्लासाकडे जातं. सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारलं तर ते ‘तेच तर पाणी आहे!’ म्हणून तुमच्याकडेच नवलाने बघतं. हे मोठं मूल ज्या अवस्थेत असतं ती मूर्त क्रियात्मक अवस्था म्हणजे काय, याचं उत्तर परीक्षेत लिहिताना हा प्रसंग लिहा. तपासणाऱ्याला पुस्तकातली व्याख्या शंभर वेळा वाचायला मिळालेली असते.

सूक्ष्म अध्यापन: इथे घाई करू नका

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत तयार झाली. शिकवण्याचं एकच कौशल्य घ्यायचं, पाच-दहा जणांसमोर पाच-सहा मिनिटं शिकवायचं, लगेच चुका ऐकायच्या आणि पुन्हा शिकवायचं. आपल्याकडे एनसीईआरटीने बसवलेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: अध्यापन ६, प्रत्याभरण (पाहणाऱ्यांनी चुका सांगणं) ६, पुनर्नियोजन १२, पुनरध्यापन ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सर्वांत जास्त वेळ पुनर्नियोजनाला दिलेला आहे हे लक्षात घ्या. अनेक ठिकाणी वेळ नाही म्हणून तीच १२ मिनिटं गाळतात आणि दुसऱ्यांदा तोच पाठ तसाच म्हणून दाखवतात. तुमच्या गटात हे होऊ देऊ नका.

विषय प्रवर्तन, प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण, फलक लेखन, चेतक बदल (आवाज, हालचाल, हावभाव बदलत राहणे), प्रबलन (शाबासकी देऊन उत्तेजन देणे), समारोप ही नेहमीची कौशल्यं. यातलं प्रश्न कौशल्य जरा जवळून पाहू, कारण पाठ तिथेच उभा राहतो किंवा पडतो.

समजा सातवीला बाष्पीभवन शिकवायचंय. नवखा छात्राध्यापक विचारतो, ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ दोन हुशार हात वर येतात, पुस्तकातलं वाक्य ऐकू येतं, बाकीचा वर्ग खिडकीबाहेर. आता प्रश्न बदला: ‘घरात फरशी पुसली की आपण पंखा का लावतो?’ पंधरा हात वर येतात. एक जण म्हणतो, ‘पंख्याचा वारा पाणी उडवतो.’ इथे ‘चूक, बस खाली’ म्हणालात तर पुढची पाच मिनिटं कुणी बोलणार नाही. ‘उडवतो म्हणजे कुठे नेतो? भिंतीवर पाणी दिसतं का?’ असं विचारा. मुलगा विचारात पडतो. मग दुसरी मुलगी म्हणते, ‘वाफ होऊन हवेत जातं.’ ‘मग पंख्याने काय फरक पडला?’ फरशीलगतची ओलसर हवा बाजूला होते, तिच्या जागी कोरडी हवा येते, म्हणून पाणी लवकर वाळतं, इथपर्यंत मुलं तुमच्या साथीने पोचतात. व्याख्या सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहायची.

यातून तीन गोष्टी सरावाने अंगी येतात. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारायचा आणि मग नाव घ्यायचं; आधी नाव घेतलं की बाकीचे सुटले. प्रश्नानंतर तीन-चार सेकंद गप्प राहायचं. ती शांतता फार मोठी वाटते, तरी थांबा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ असंच देतो.

पाठ टाचण

सूक्ष्म पाठ झाले की दोन-तीन कौशल्यं जोडून सेतू पाठ आणि मग पूर्ण तासिकेचे सराव पाठ. प्रत्येकाला टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लागतं. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, साधने, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ असा त्याचा साचा बहुतेक कॉलेजांत ठरलेला असतो.

साचा भरताना मुलं स्पष्टीकरणांत, म्हणजे उद्दिष्ट साधलं हे कशावरून दिसेल ते लिहिण्यात, अडकतात. ‘विद्यार्थ्याला बाष्पीभवन समजते’ असं लिहू नका. समजलं की नाही हे तासाच्या शेवटी तुम्ही कसं पाहणार? ‘विद्यार्थी बाष्पीभवनाची घरातली दोन उदाहरणे सांगतो’, ‘कपडे पसरून वाळत घालण्याचे कारण सांगतो’ असं लिहा. दिसणारं, ऐकू येणारं क्रियापद हवं: सांगतो, ओळखतो, वर्गीकरण करतो, तुलना करतो, आकृती काढतो. ही सवय लागली की पाठाच्या शेवटचे प्रश्न आपोआप तयार होतात.

फलक आलेखन टाचणाच्या शेवटी छोट्या चौकटीत काढून न्या. फळा डावीकडून भरायचा, शीर्षक मध्ये, तात्पुरतं लिखाण उजव्या कडेला. नवा खडू मोडून अर्धा करा, म्हणजे तो किंचाळत नाही. लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नका. आणि आदल्या संध्याकाळी रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून आपलंच अक्षर वाचून पाहा.

टाचण मार्गदर्शक प्राध्यापकांकडून किमान दोन दिवस आधी तपासून घ्या. पाठाच्या दिवशी सकाळी सही घ्यायला गेलात तर फक्त सहीच मिळेल.

दुसऱ्यांचे पाठ पाहणं

पाठ निरीक्षणाच्या वहीत ‘आवाज चांगला, फलक लेखन सुंदर, वर्ग नियंत्रण ठेवले’ हीच तीन वाक्यं पानापानावर लिहिलेली सापडतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे पाहा. एका पाठात फक्त मोजा: शिक्षकाने किती प्रश्न मुलांना विचारले, किती मुलींना, मागच्या दोन रांगांना किती. पुढच्या पाठात एकाच मुलाकडे पूर्ण वेळ लक्ष ठेवा, ते कधी ऐकत होतं आणि कुठल्या क्षणी तुटलं. असे चार-पाच पाठ पाहिलेत की आपल्या पाठात मागची रांग सुटते आहे हे आपलं आपल्याला जाणवायला लागतं.

आंतरवासिता आणि गटाचं नेतृत्व

एनसीटीईच्या निकषांनुसार दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेशी संबंधित कामाचे असतात: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. एकेका शाळेत गट पाठवतात आणि त्यातला एक गटप्रमुख होतो. बऱ्याच कॉलेजांत काही दिवस शाळेचा कारभार छात्राध्यापकांनी चालवायचा असतो. कुणी छात्र मुख्याध्यापक, कुणी पर्यवेक्षक, कुणी परिपाठाचं पाहणारा. पुढाकार घेण्याची हौस असलेल्यांनी ही जबाबदारी मागून घ्यावी. इतकं खरं काम दुसरीकडे कुठे मिळत नाही.

गटप्रमुखाने पहिल्या दिवसाच्या आधीच मुख्याध्यापकांना भेटावं. शाळेचं वेळापत्रक, येत्या चाचण्यांच्या तारखा, सुट्ट्या लिहून घ्याव्यात. मग प्रत्येक विषय शिक्षकांना विचारावं, ‘बाई, तुमचा कुठला घटक चालू आहे? आम्ही कुठून घेऊ?’ शाळांची बी.एड.वाल्यांबद्दल एक रास्त तक्रार असते: ही मुलं मधलाच धडा शिकवून जातात आणि आम्हाला तो पुन्हा घ्यावा लागतो. आपले पाठ त्यांच्या नियोजनात बसवलेत तर ती तक्रार उरत नाही आणि वर्गही मोकळ्या मनाने मिळतात.

छात्र मुख्याध्यापकाची खरी कसोटी लागते ती ऑफ तासांच्या नियोजनात. सकाळी कळतं की आज गटातले दोघं येणार नाहीत. मूळ वेळापत्रक समोर घ्या, त्या दोघांच्या तासिकांवर खूण करा आणि त्या त्या वेळी मोकळं कोण आहे ते खाली लिहा. शक्य तिथे त्याच विषयाची मेथड असलेला माणूस द्या. कुणालाही सलग चार तास येऊ नयेत. काल ज्याने बदली तास घेतला त्याला आज शेवटी ठेवा. एक तास स्वतःच्या नावावर लिहा. कागद परिपाठाआधी लावून प्रत्येकाची सही घ्या. हे सगळं वीस मिनिटांत करावं लागतं. ‘मीच का?’ म्हणणारा जवळचा मित्र असला तरी त्याला कालचा कागद दाखवून शांतपणे सांगता आलं पाहिजे. मैत्रीखातर एकाला सवलत दिलीत की दुसऱ्या दिवसापासून तुमचा कागद कुणी वाचत नाही.

शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं गट बसवा. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, या तीन रकान्यांचं इतिवृत्त एका वहीत ठेवा. पुढे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायची वेळ येते तेव्हा हाच हात वळलेला असतो. शाळा जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित असेल तर त्या समितीची बैठक मागे बसून पाहायची परवानगी मागा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. पालक शाळेकडे काय मागतात ते तिथे समजतं. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, पोषण आहाराच्या नोंदी कशा ठेवतात तेही याच काळात विचारून घ्या.

शिस्तीबद्दल एकच सांगते. वर्ग कितीही गोंगाट करो, हात उगारायचा नाही आणि अपमान करायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे, आणि छात्राध्यापकालाही ते लागू आहे. पहिल्याच आठवड्यात मुलांची नावं पाठ करा. नावाने हाक मारणाऱ्या बाईंचा वर्ग लवकर शांत होतो.

कॉलेजातल्या विद्यार्थी परिषदेत काम करायचं असेल तर जरूर करा, पण आंतरवासितेच्या महिन्यांत कार्यक्रमांच्या तारखा धरू नका. जे अजून पदवीला आहेत त्यांनी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावं. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर. अनोळखी गावात लोकांशी बोलायची भीड तिथे चेपते.

फायली आणि कृती संशोधन

फायली रोज थोड्या लिहा. पाठ झाला की त्याच संध्याकाळी टाचणाच्या मागच्या पानावर पाच ओळी: काय जमलं, कुठे वेळ गेला, कोणत्या मुलाने काय विचारलं. सजावट नको.

चाचणी तयार करायच्या प्रात्यक्षिकात आधी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकावर कशा प्रकारचे किती प्रश्न याचा तक्ता, करा आणि मग प्रश्न लिहा. बहुतेक जण प्रश्न लिहून तक्ता मागून जुळवतात. त्यामुळे चाचणी स्मरणाच्या प्रश्नांनीच भरते.

कृती संशोधन म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण घेऊन तिच्यावर उपाय करून पाहणं. त्याला विषय लहान घ्या. ‘विद्यार्थ्यांची गणितातील अभिरुची वाढवणे’ हा विषय तीन आठवड्यांत संपत नाही. त्यापेक्षा असं पाहा: सहावीच्या मुलांना १/३ आणि १/४ यांतला मोठा अपूर्णांक विचारला तर पुष्कळ जण १/४ म्हणतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. पूर्वचाचणीत अशा दहा जोड्या द्या आणि कोण कसा चुकतो ते नोंदवा. मग दोन आठवडे रोज दहा मिनिटं सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दुमडून तुकडे ठेवून पाहणं, संख्यारेषेवर मांडणं. उत्तरचाचणीत जोड्या बदला, नाहीतर मुलं उत्तरं आठवून लिहितात. शेवटी आकडे जसे आले तसे लिहा. पाच मुलांत काहीच फरक पडला नसेल तर तेही लिहा आणि ती पाच मुलं कुठे अडली ते सांगा. तोंडी परीक्षेत बोलण्यासारखं तेवढंच असतं.

पदवीच्या जोडीने

शेवटच्या वर्षात टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारी सुरू करा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. बी.एड.वाल्यांचा पेपर दोन. १५० गुण, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. केंद्रीय शाळांसाठी सीटीईटी वेगळी. त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट: २०० प्रश्न, दोन तास. तिच्या गुणांवर राज्याच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलवरून शिक्षक भरती होते. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम असतं. २०२३ पासून ते उच्च प्राथमिकला दरमहा १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. घरच्या जबाबदाऱ्या असतील तर हा आकडा आधीच डोळ्यासमोर असू द्या.

बालमानसशास्त्राचा टीईटीतला भाग बी.एड.च्या पहिल्या वर्षाच्या टिपणांतून पूर्ण होतो, म्हणून ती टिपणं रद्दीत घालू नका. आंतरवासितेच्या शाळेचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह शेवटच्या दिवशीच घ्या. शाळेला सुट्टी लागली की सहीसाठी हेलपाटे पडतात.